आकड्याआधी ओळख पटवा: कीडनाशक अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आणि त्यांच्या नियामकांना खुले पत्र

प्रति,
कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे संचालक व तांत्रिक व्यवस्थापक,
तसेच या प्रयोगशाळांना मान्यता देणारे आणि त्यांच्या अहवालांच्या आधारे निर्णय घेणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जुन्नर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा कोबीचा एक लॉट या हंगामात एका मोठ्या खरेदीदाराने परत पाठवला. कारण म्हणून एका खासगी प्रयोगशाळेचा एका पानाचा अहवाल जोडलेला होता. ‘मँकोझेब’ या बुरशीनाशकापुढे एक आकडा, त्याच्या शेजारी करारात घातलेली मर्यादा आणि शेवटच्या रकान्यात ‘अपात्र’ असा शेरा, एवढाच त्यातला मजकूर होता. मर्यादा ओलांडली गेली होती तीही थोडक्याने. ज्यांचा माल त्या लॉटमध्ये होता, त्यांच्या फवारणीच्या नोंदवह्यांत मँकोझेब नव्हते आणि त्या गटातले दुसरे कोणतेही बुरशीनाशक नव्हते. नोंदवही खोटी असू शकते, हे मला मान्य आहे. परंतु अहवाल बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी लागणारी एकही गोष्ट त्या पानावर नव्हती, आणि आम्ही ती मागितली तेव्हा ‘प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

हे पत्र त्या एका प्रयोगशाळेविरुद्ध नाही, म्हणून तिचे किंवा खरेदीदाराचे नाव मी घेत नाही. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन मी काही वर्षे अवशेष प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून काम केले, नंतर घरच्या शेतीत आले, आणि आता कंपनीची संचालक या नात्याने सभासदांचे अहवाल वाचणे, त्यांना समजावून सांगणे हे काम माझ्याकडे असते. त्यामुळे कोणता अहवाल काळजीपूर्वक तयार झाला आहे आणि कोणता केवळ संगणकाने छापला आहे, हे बहुतेक वेळा पहिल्या वाचनातच माझ्या लक्षात येते. मला खटकते ते असे की दोन्ही अहवालांवर शिक्का सारखाच असतो, आणि बाजारात दोन्हींचे वजनही सारखेच मानले जाते.

कोबीचे प्रकरण थोडे सविस्तर सांगते, कारण पुढच्या सगळ्या तक्रारींचे मूळ त्यात आहे.

मँकोझेब, झायनेब, प्रोपिनेब, मेटिराम, थायरम, झायरम ही सगळी डायथायोकार्बामेट गटातली बुरशीनाशके आहेत. यातली मँकोझेबसारखी कित्येक द्रव्ये नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत विरघळतच नाहीत, त्यामुळे एकाच वेळी शेकडो कीडनाशके शोधणाऱ्या बहुअवशेष पद्धतीत ती सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत वापरावी लागते. नमुना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवला की या गटाचे रेणू फुटतात, त्यातून कार्बन डायसल्फाइड बाहेर पडतो, आणि तो मोजला जातो. अशा मोजणीतून ठामपणे एवढेच म्हणता येते की या नमुन्यातून इतका कार्बन डायसल्फाइड निघाला. तो मँकोझेबमधून आला की थायरममधून, याचे उत्तर ही पद्धत देत नाही. आणि कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी, कांदा, लसूण या पिकांच्या बाबतीत तर तो फवारणीतून आला की पिकातूनच, हेही ती सांगू शकत नाही. या पिकांच्या अंगी निसर्गतःच गंधकयुक्त संयुगे असतात, आणि त्याच गरम आम्लात त्यांच्यापासूनही कार्बन डायसल्फाइड तयार होतो. एकही फवारणी न झालेला कोबी या चाचणीत आकडा दाखवू शकतो. ही बाब अवशेष विश्लेषकांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे आणि या विषयाच्या तांत्रिक साहित्यात ती नोंदवलेली आहे. असे असताना कोबीच्या अहवालावर ‘मँकोझेब’ असे नाव छापणे म्हणजे यंत्राने जे पाहिलेच नाही त्याची साक्ष देणे होय.

‘डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात’ अशी नोंद बरोबर ठरली असती. त्याच वाणाच्या, त्याच भागातल्या, फवारणी न केलेल्या कोबीचा नियंत्रण नमुना सोबत चालवून त्याचा आकडा शेजारी दिला असता, तर वाचणाऱ्याला तुलना करता आली असती. मर्यादेच्या आसपासचा निकाल असेल तर रेणूंवर मिथाइल गट चढवून त्यांना एलसी-एमएस/एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडणी) यंत्रावर वेगळे करून पाहण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिने मँकोझेबचा उपगट, प्रोपिनेबचा उपगट आणि थायरमचा उपगट निरनिराळे ओळखता येतात आणि कोबीच्या स्वतःच्या गंधकाचा गोंधळ टळतो. ती खर्चिक आहे, वेळखाऊही आहे, आणि प्रत्येक नमुन्यावर ती करा असे कोणी म्हणणार नाही. ज्या निकालाने एखाद्याचा माल नाकारला जाणार आहे त्या निकालापुरती तरी ती करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच चाचणीत उलट दिशेची चूकही घडू शकते. डायथायोकार्बामेटचे अवशेष पेशीरसाच्या संपर्कात आले की झपाट्याने विघटित होतात. म्हणून या चाचणीसाठी नमुना मिक्सरमध्ये बारीक करून एकजीव करू नये, मोठ्या फोडी कापून थेट वापरावा, हा नियम आहे. घाईच्या प्रयोगशाळेत सगळ्या चाचण्यांसाठी एकच बारीक वाटून एकजीव केलेला नमुना वापरला गेला, तर फवारलेल्या टोमॅटोतला खरा अवशेष मोजणीपूर्वीच निम्माअधिक नाहीसा झालेला असू शकतो. न फवारलेला कोबी नापास आणि फवारलेला टोमॅटो पास, असे दोन्ही निकाल एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेतून निघू शकतात. पहिल्यात शेतकरी भरडला जातो, दुसऱ्यात खाणारा.

आता व्यापक तक्रारींकडे येते.

पहिली तक्रार ओळख पटवण्याच्या कामाबद्दल आहे. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लावलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली संयुगे एका लांब नळीतून (स्तंभातून) नेऊन वेगळी करणाऱ्या जुन्या यंत्रावर, संयुग ओळखले जाई ते मुख्यतः स्तंभातून बाहेर पडायला त्याला लागणाऱ्या वेळेवरून, म्हणजे रिटेन्शन टाइमवरून. त्याच वेळेला दुसरे काहीही बाहेर पडू शकते हे जाणून जुने विश्लेषक वेगळ्या ध्रुवीयतेच्या दुसऱ्या स्तंभावर तोच नमुना पुन्हा चालवत, आणि दोन्हींवर वेळ जुळली तरच नाव लिहीत. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र, आल्यापासून पुरावा कितीतरी भक्कम झाला. मूळ आयन निवडायचा, तो फोडायचा, आणि त्याचे किमान दोन तुकडे तपासायचे. युरोपीय संघाच्या ‘सॅन्टे/११३१२/२०२१’ या मार्गदर्शक दस्तऐवजात निकष स्पष्ट दिलेले आहेत, आणि आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा पद्धत प्रमाणित करताना त्याचाच हवाला देतात. नमुन्यातल्या आणि मानक द्रावणातल्या (त्या संयुगाच्या शुद्ध, ज्ञात प्रमाणाच्या द्रावणातल्या) रिटेन्शन टाइममध्ये ०.१ मिनिटापेक्षा जास्त फरक नको. दोन तुकड्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर मानकाच्या तुलनेत ३० टक्क्यांच्या आत बसायला हवे. दोन्ही तुकड्यांची शिखरे (यंत्राच्या आलेखावरचे उंचवटे) पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा किमान तिप्पट उंच आणि एकमेकांवर नेमकी बसणारी हवीत.

निकष आहेत, पण ते पाळले गेले का हे अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या क्वेचर्स पद्धतीने आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रुळवलेल्या इथाइल ॲसिटेटच्या पद्धतीने नमुना तयार करण्याचे काम फार सोपे केले. दहा ग्रॅम नमुना, थोडे द्रावक, क्षार, हलवणे, सेंट्रिफ्यूज, थोडी स्वच्छता, आणि एका दमात शेकडो संयुगे यंत्रावर तपासता येतात. ही मोठीच सोय झाली. पण प्रत्येक संयुगाची किमान दोन शिखरे आणि दिवसाला डझनावारी नमुने असा गुणाकार केला, तर एवढी शिखरे डोळ्यांनी पाहणे कोणाही माणसाला शक्य नाही, हे माझ्याइतकेच आपणही जाणता. मग सॉफ्टवेअर हिरवी खूण करते आणि आकडा अहवालात जातो. जे ‘आढळले नाही’ त्यासाठी हे एक वेळ चालेल. जे ‘आढळले’ आणि मर्यादेबाहेर आढळले, त्याचे क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेले आलेख) अनुभवी विश्लेषकाने उघडून पाहिलेच पाहिजे, आणि पाहिल्याची सही अहवालावर असली पाहिजे.

निकष जुळले म्हणजेही सगळे संपले असे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातले प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. टॅरागॉन नावाच्या सुवासिक वनस्पतीत सेब्युथायलाझिन हे तणनाशक सापडल्याचे एलसी-एमएस/एमएसवर तेव्हाच्या युरोपीय निकषांनुसार रीतसर ‘निश्चित’ झाले होते. खोलात गेल्यावर निघाले असे, की ते त्या वनस्पतीनेच तयार केलेले एक नैसर्गिक संयुग होते. ज्या तणनाशकाचा त्या शेताशी काही संबंध असण्याचे कारणच नाही ते सापडले, तर ‘हे इथे कसे आले?’ असा प्रश्न विश्लेषकाला पडायला हवा. फॉल्पेट या बुरशीनाशकाच्या बाबतीतही असेच आहे. युरोपात त्याच्या अवशेषाच्या व्याख्येत थॅलिमाइड हे त्याचे विघटन-द्रव्यही धरले जाते, पण हे थॅलिमाइड गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये, सर्वत्र आढळणाऱ्या थॅलिक अनहायड्राइडपासूनही तयार होऊ शकते. मूळ फॉल्पेट अजिबात नाही आणि थॅलिमाइड मात्र आहे, असा निकाल आला तर तो फवारणीचा पुरावा म्हणून पुढे करण्यापूर्वी थांबायला हवे. द्राक्ष बागायतदारांना फॉस्फोनिक आम्लाच्या अवशेषाचा अनुभव आहेच. तिथे संयुगाची ओळख अगदी बरोबर असते, पण ते फोसेटिल-ॲल्युमिनियम या बुरशीनाशकातून आले की फॉस्फाइटयुक्त खतातून, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

दुसरी तक्रार मापनातील अनिश्चिततेबद्दल, म्हणजे आलेला आकडा खऱ्या प्रमाणापेक्षा किती कमी-जास्त असू शकतो याबद्दल आहे. एक किलो भाजीत एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो, ही युरोपातली सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि आपल्याकडेही ज्या कीडनाशकाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे हाच आकडा लागतो. (मसाल्यांबाबत २०२४ मध्ये झालेला बदल हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) इतक्या सूक्ष्म पातळीवर कोणतीही प्रयोगशाळा नेमका आकडा देऊ शकत नाही, आणि चांगली प्रयोगशाळा तसा दावाही करत नाही. वर सांगितलेल्या दस्तऐवजात शासकीय कारवाईसाठी ५० टक्के अनिश्चितता धरण्याची तरतूद आहे. ०.०१ ही मर्यादा असताना ०.०१२ आकडा आला, तर त्यातून निम्मा वजा करून ०.००६ उरतो, आणि मर्यादा निःसंशय ओलांडली गेली असे म्हणता येत नाही. आकडा ०.०२ च्या वर गेला तरच तसे म्हणता येते. आमच्याकडे मात्र ०.०१२ समोर सरळ ‘अपात्र’ असे छापून येते. खरेदीदाराने कडक निकष लावावेत, तो त्याचा व्यवहार आहे, आणि मर्यादेच्या जवळ जाणारा माल त्याने नाकारला तर त्यात बेकायदा काही नाही. पण पात्र-अपात्र हा शेरा प्रयोगशाळा देत असेल, तर तो कोणत्या निर्णय-नियमाने, म्हणजे अनिश्चितता कशी धरून, दिला हे तिने सांगितलेच पाहिजे. हे माझे मत नाही. ज्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकाच्या आधारे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) अधिस्वीकृती मिळते, त्याच्या ७.८.६ या कलमात ही अपेक्षा आहे. अनिश्चिततेमुळे मर्यादेबाबतच्या निष्कर्षावर परिणाम होत असेल तर ती अहवालात द्यावी, असे ७.८.३ मध्ये म्हटले आहे. भिंतीवर ज्या मानकाचे प्रमाणपत्र लावायचे, त्याचीच ही दोन कलमे अहवाल छापताना वगळायची, हे पटण्यासारखे नाही.

तिसरी तक्रार ‘आढळले नाही’ या शेऱ्याबद्दल आहे, आणि ती मी शेतकऱ्यांच्या रोषाची तयारी ठेवून करते. २००३ साली मेथोमिल या कीटकनाशकाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षे युरोपात अडचणीत आली, आणि त्यातून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष संनियंत्रणाची योजना उभी राहिली. पुढे अपेडा या केंद्रीय कृषी निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही निर्यातीच्या द्राक्षांचा मागोवा ठेवणारी प्रणाली आली, मांजरीच्या केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली, आणि आज भाजीपाल्यात जी तपासणी होते तिची शिस्त बऱ्याच अंशी द्राक्षाने घालून दिलेली आहे. तरीही २०१० मध्ये काय झाले? बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, ते क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे द्रव्य खरड छाटणीनंतर बागांमध्ये सर्रास वापरले जात होते. युरोपातली मर्यादा होती ०.०५ मि.ग्रॅ. प्रति किलो. आपल्या तपासणीच्या यादीत हे द्रव्य नव्हते. शिवाय ते कायम धनभारित असल्याने इथाइल ॲसिटेटमध्ये उतरत नाही आणि गॅस क्रोमॅटोग्राफवरही दिसत नाही, म्हणजे यादीत नाव नुसते जोडूनही ते सापडले नसते. त्याला मिथेनॉलसारख्या ध्रुवीय द्रावकात काढून एलसी-एमएस/एमएसवर स्वतंत्रपणेच शोधावे लागते. आपल्याकडून रीतसर तपासून, प्रमाणपत्र घेऊन गेलेले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले आणि अनेक बागायतदार कर्जात गेले. ती प्रमाणपत्रे खोटी नव्हती. जे शोधले ते आढळले नाही, एवढेच त्यांत खरेपणाने लिहिलेले होते. वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा घेतला.

आज ‘रेसिड्यू फ्री’ असे लेबल लावून माल विकला जातो तेव्हा मला २०१० आठवते. किती संयुगे शोधली, कोणत्या पातळीपर्यंत शोधली, ग्लायफोसेट, पॅराक्वाट, क्लोरमेक्वाट यांसारखी ध्रुवीय द्रव्ये वेगळ्या पद्धतीने पाहिली का, डायथायोकार्बामेटची चाचणी केली का, यातले काहीही लेबलवर नसते आणि बऱ्याचदा त्यामागच्या अहवालावरही नसते. ग्राहक पैसे मोजतो ते एका न सांगितलेल्या यादीसाठी.

चौथी तक्रार कायद्याच्या रचनेची आहे, आणि ती प्रामुख्याने अन्न सुरक्षा यंत्रणेतील अधिकाऱ्यांसाठी आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४७ प्रमाणे अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास एक भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. दोन अहवालांत फरक पडला तर संदर्भ प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम मानला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा आणि त्याविरुद्ध पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता यावे, अशी सोय कलम ४६ मध्ये आहे. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि मला ती मान्य आहे. परंतु कलम १८ च्या तिसऱ्या पोटकलमाने शेतकरी आणि त्याच्या शेतावरचा माल या कायद्यातून वगळलेला आहे. हेतू चांगला होता, शेतकऱ्याला परवाने आणि खटल्यांच्या फेऱ्यात अडकवू नये असा. परिणाम मात्र असा झाला, की मालाचा मागोवा घेत सगळे त्याच्या बांधापर्यंत येतात, अपात्रतेचा तोटा त्याच्या खात्यात लिहिला जातो, आणि नमुन्याचा दुसरा भाग मागण्याचा हक्क मात्र त्याचा नसतो. खासगी खरेदीच्या व्यवहारात तर हे संरक्षण कोणालाच नाही. तिथे नमुना खरेदीदार घेतो, प्रयोगशाळा खरेदीदार निवडतो, अहवाल खरेदीदाराच्या मालकीचा असतो, आणि आम्हाला त्यातला शेवटचा रकाना कळवला जातो.

नमुना कसा घेतला, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानक आयोगाच्या शिफारशीनुसार कोबीसारख्या मोठ्या नगांचे किमान पाच नग आणि एकूण किमान दोन किलो वजन प्रयोगशाळेच्या नमुन्यात हवे. आमच्या लॉटमधून दोन गड्डे उचलले गेले होते, आणि ते कोणत्या क्रेटमधले, याची नोंद नव्हती. यंत्र कितीही महागडे असले तरी दोन गड्ड्यांवरून ट्रकभर मालाबद्दल बोलता येत नाही.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेची अधिस्वीकृती ही सरसकट नसते, ती ठरावीक संयुग, ठरावीक अन्नपदार्थ आणि ठरावीक पद्धत यांच्या व्याप्तीपुरती असते. द्राक्षावर उत्तम चालणारी पद्धत कढीपत्त्यावर किंवा कांद्यावर तशीच चालेल असे नाही, कारण प्रत्येक पिकाचा अर्क यंत्रातला संकेत आपापल्या परीने दाबतो किंवा फुगवतो. म्हणूनच त्याच पिकाच्या अवशेषविरहित अर्कात मानके तयार करावी लागतात, आणि पुनर्प्राप्ती (मुद्दाम मिसळलेल्या द्रव्यापैकी मोजणीत परत मिळणारा भाग) ७० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान येते हे त्या पिकावर दाखवावे लागते. व्याप्तीबाहेरच्या निकालासमोर तशी खूण करण्याचे बंधन आहे. ती खूण इतक्या बारीक अक्षरात असते, की मलाही ती चष्मा लावून शोधावी लागते.

बाजारात झटपट तपासणीच्या पट्ट्या आणि किट वापरली जातात, त्याबद्दलही मला विरोध नोंदवायचा नाही. कोलिनेस्टरेज या विकराची क्रिया मंदावते का हे पाहणाऱ्या चाचण्या ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांच्या कीटकनाशकांची शंका उपस्थित करण्यासाठी उपयोगी आहेत. त्या कोणत्याही एका द्रव्याचे नाव सांगत नाहीत आणि बुरशीनाशकांबद्दल तर काहीच सांगत नाहीत. शंका घेण्यासाठी त्या वापराव्यात, माल नाकारण्यासाठी नव्हे.

आता मागण्या. त्या आपल्या अधिकारातल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नवे यंत्रही लागत नाही.

प्रयोगशाळांकडे माझी मागणी अशी, की मर्यादेबाहेरचा कोणताही निकाल देण्यापूर्वी त्याच नमुन्याचा दुसरा भाग नव्याने काढून पुन्हा विश्लेषण करावे आणि दोन्ही आकडे अहवालात द्यावेत. अशा निकालासोबत नमुन्याचे, मानकाचे आणि कोऱ्या नमुन्याचे क्रोमॅटोग्राम, आयन गुणोत्तर आणि रिटेन्शन टाइम यांचे एक जोडपत्र द्यावे. ते यंत्रात साठवलेलेच असते, फक्त छापायचे असते. अनिश्चितता, परिमाणन मर्यादा (विश्वासार्हपणे मोजता येणारे किमान प्रमाण) आणि निर्णय-नियम ‘अपात्र’ या शब्दाच्या शेजारीच असावेत. डायथायोकार्बामेटचा निकाल कार्बन डायसल्फाइडच्या रूपातच द्यावा, आणि कोबीवर्गीय व कांदावर्गीय पिकांसाठी नैसर्गिक पार्श्वभूमीची नोंद केल्याशिवाय तो देऊ नये. ‘आढळले नाही’ असे लिहिताना शोधलेल्या संयुगांची संपूर्ण यादी आणि प्रत्येकाची पातळी जोडावी. आणि उरलेला नमुना उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गोठवून, वाद मिटेपर्यंत जपून ठेवावा.

अधिस्वीकृती देणाऱ्यांनी आपल्या पाहणीत एका वर्षातले काही ‘अपात्र’ अहवाल स्वतः निवडून त्यांचा मूळ विदा (डेटा) उघडून पाहावा. कार्यपद्धतीच्या फायली पाहणे पुरेसे नाही. प्रावीण्य चाचण्यांमधील (सगळ्यांना एकच नमुना देऊन घेतल्या जाणाऱ्या परीक्षांमधील) प्रत्येक प्रयोगशाळेची कामगिरी, विशेषतः नसलेले द्रव्य सापडल्याच्या आणि असलेले द्रव्य हुकल्याच्या नोंदी, सार्वजनिक कराव्यात. शेतकऱ्याने प्रयोगशाळा निवडायची ती दरपत्रक पाहून निवडावी, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

केंद्रीय आणि राज्य अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विनंती अशी, की खासगी खरेदीसाठी होणाऱ्या अवशेष तपासणीलाही कलम ४७ च्या धर्तीवर किमान नियम लागू करावेत. उत्पादकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुना घ्यावा, एक मोहोरबंद भाग त्याच्या हक्काचा असावा, आणि त्याच्या मालावरचा पूर्ण अहवाल त्याला विनाविलंब मिळावा. नाशवंत मालाबाबत १४ दिवसांची वाट पाहणे कोणालाच परवडत नाही, म्हणून वादाच्या निकालांसाठी राज्यात किमान एका शासकीय प्रयोगशाळेत ठरावीक शुल्कात, दोन-तीन दिवसांत पडताळणी करून देणारी स्वतंत्र खिडकी सुरू करावी. पडताळणीत माल खरोखर मर्यादेबाहेर निघाला तर शुल्क उत्पादकाने भरावे आणि तो माल बाजारात येऊ नये. आमच्या कंपनीच्या सभासदांनी हे बैठकीत मान्य केले आहे.

या पत्राची एक प्रत आम्ही आमच्या मालाची तपासणी करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला पाठवत आहोत. वरीलपैकी कोणत्या गोष्टी आपण आजच करता, कोणत्या पुढच्या हंगामापासून करू शकता आणि कोणत्या करणार नाही, हे लेखी कळवावे. न करण्याचे कारण तांत्रिक असेल तर ते समजून घेण्याची आमची तयारी आहे, आणि आलेली उत्तरे आम्ही जशीच्या तशी सर्व सभासदांसमोर ठेवू. पुढच्या कोबीची रोपे सध्या गादीवाफ्यावर आहेत. ती तोडणीला येण्याआधी ही उत्तरे हाती असतील, तर कोणाकडे नमुना पाठवायचा हे आम्हाला ठरवता येईल.

आपली विश्वासू,
जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक